पृथ्वीचा आकार मोजणारा विल्यम लँबटन

जालन्याच्या बाजारात मोसंब्यांचे ढीग लागलेले असतात. त्याच बाजारात नागपूरकडची संत्री येतात आणि एखाद्या दुकानात अंडीही मांडलेली दिसतात. या तिन्ही वस्तू ढोबळमानाने गोलच. परंतु नीट निरखून पाहिले असता त्यांच्या गोलपणात भेद आढळतो. मोसंबे सर्व बाजूंनी जवळजवळ सारखे गोल असते. संत्रे देठाकडे व बुडाकडे दबलेले असते, म्हणून ते चपटे दिसते. अंडे लांबट असते व त्याचे एक टोक दुसऱ्या टोकाहून निमुळते असते.

असे पुरते गोल नसलेले आकार सृष्टीत जागोजागी दिसतात. पूर्णा, दुधना आणि गोदावरी यांच्या पात्रांत पाण्याने घासून घासून झालेले गोटे लांबट गोल असतात. अनेक झाडांची पाने व बिया त्याच घाटाच्या असतात. आकाशातील ग्रह सूर्याभोवती ज्या मार्गाने फिरतात तो मार्गही पुरा वर्तुळाकार नसून किंचित लांबट आहे, हे योहानेस केप्लर या जर्मन ज्योतिर्विदाने १६०९ साली जगापुढे मांडले. वर्तुळ एका दिशेने सारखे दाबले असता जी आकृती तयार होते तिला लंबवर्तुळ म्हणतात. ग्रहांचे मार्ग या जातीचे आहेत.

मग ज्या पृथ्वीवर आपण राहतो ती कशासारखी आहे? मोसंब्यासारखी, संत्र्यासारखी की अंड्यासारखी? हा प्रश्न पोरकट वाटेल. परंतु सतराव्या व अठराव्या शतकांत युरोपातील थोर विद्वानांचे याच प्रश्नावरून दोन तट पडले होते. त्याचे नेमके उत्तर मिळावे म्हणून ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांपैकी एकाची समाधी महाराष्ट्रात, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे आहे. त्याचे नाव विल्यम लँबटन.

इंग्लंडातील न्यूटन याने १६८७ साली असे प्रतिपादन केले की, पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे तिचा मधला भाग बाहेर फुगला असला पाहिजे व दोन्ही ध्रुवांकडील भाग दबले असले पाहिजेत. फिरत्या वस्तूचा मधला भाग बाहेर जाऊ पाहतो, हा त्याच्या म्हणण्याचा आधार होता. गुरू ग्रह दुर्बिणीतून असाच चपटा दिसतो. उलट फ्रान्समधील कॅसिनी घराण्यातील ज्योतिर्विदांनी आपल्या देशात केलेल्या मोजणीवरून पृथ्वी ध्रुवांच्या दिशेने लांबट आहे असे ठरविले. म्हणजे एक पक्ष संत्र्याचा, तर दुसरा अंड्याचा. वादाने वाद मिटेना, तेव्हा फ्रान्सने १७३५ साली विषुववृत्ताजवळ दक्षिण अमेरिकेत आणि १७३६ साली उत्तर ध्रुवाकडे लॅपलंडात अशी दोन पथके धाडली. त्यांच्या मोजणीने न्यूटनचा पक्ष खरा ठरला. तथापि पृथ्वी नेमकी किती चपटी आहे, हे मात्र निश्चितपणे कळले नव्हते. ते काम पुढच्या पिढ्यांसाठी उरले.

लँबटनचा जन्म अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात झाला. त्याच्या घरची स्थिती साधारण होती. शाळेत असताना गणितात त्याची बुद्धी विशेष चाले. तरुणपणी तो सैन्यात अधिकारी झाला व अमेरिकेत लढावयास गेला. तेथे १७८१ साली यॉर्कटाउन येथे इंग्रज सैन्याने शरणागती पत्करली, तेव्हा तोही युद्धकैदी झाला. सुटका झाल्यावर त्याने कॅनडाच्या भागात बरीच वर्षे काढली. तेथील दाट अरण्यांत नव्या वसाहतींसाठी जमिनी मोजण्याचे काम त्याच्याकडे आले. थंडीच्या लांबलचक रात्री तो गणिताचे व ज्योतिषाचे ग्रंथ वाचण्यात घालवी. त्याच्याबरोबरीचे लोक बढत्या मिळवून पुढे गेले. हा मात्र मागे राहिला. पण त्या एकांतात त्याने जी विद्या मिळविली, तीच पुढे त्याच्या कामास आली.

अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याची पलटण भारतात आली. पलटणीचा मुख्य आर्थर वेलस्ली हा होता. याच वेलस्लीने पुढे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे व भोसले यांच्या फौजांशी घनघोर लढाई केली. १७९९ साली इंग्रजांची फौज टिपू सुलतानावर श्रीरंगपट्टणाकडे चालून गेली, त्या वेळची लँबटनची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. एका रात्री सैन्याची एक तुकडी अंधारात कूच करीत होती. आकाशातील तारे पाहून लँबटनच्या ध्यानात आले की, तुकडी उत्तरेकडे जाण्याऐवजी दक्षिणेकडे, म्हणजे थेट शत्रूच्या तोंडी चालली आहे. त्याने सेनापतीला तसे सांगितले. सेनापतीचा प्रथम विश्वास बसेना. अखेर होकायंत्र आणून पाहिले, तेव्हा ताऱ्यांची साक्ष खरी ठरली आणि तुकडी मागे वळली.

युद्ध संपल्यावर लँबटनने सरकारपुढे एक योजना ठेवली. दक्षिण भारताची या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत शास्त्रशुद्ध मोजणी करावी व त्याबरोबरच पृथ्वीच्या आकाराचाही शोध घ्यावा, अशी ती योजना होती. वेलस्लीने तिची शिफारस केली आणि मद्रास सरकारने ती मान्य केली. सरकारचा हेतू अर्थात सरळ होता. नव्याने जिंकलेल्या मुलखात सैन्य हलविण्यास व सारा वसूल करण्यास चांगले नकाशे हवे होते. लँबटनच्या मनात मात्र पृथ्वीच्या आकाराचा प्रश्न घोळत होता. काही अधिकाऱ्यांना हा सारा खर्च व्यर्थ वाटे. प्रवाशाने पालखीच्या भोयांना गावाचे नाव सांगितले की ते त्याला तेथे पोचवितात, मग नकाशा हवा कशाला, अशी थट्टाही त्यांपैकी एकाने केली, असे सांगतात.

जमिनीवर चालत जाऊन पृथ्वीचा आकार कसा कळतो? समजा, एक मनुष्य सरळ उत्तरेकडे चालला आहे. तो जसजसा पुढे जातो तसतसा ध्रुवतारा क्षितिजापासून वर वर चढू लागतो. तारा एक अंश वर चढला, म्हणजे तो मनुष्य पृथ्वीच्या वळणावरून एक अंश पुढे गेला. पृथ्वी मोसंब्यासारखी सारखी गोल असती, तर कोठेही एक अंशासाठी सारखेच अंतर चालावे लागले असते. परंतु ती संत्र्यासारखी चपटी असेल, तर ध्रुवाकडील चपट्या भागात वळण सौम्य असणार आणि तेथे एक अंश पुढे जाण्यासाठी अधिक चालावे लागणार. ती अंड्यासारखी असेल, तर ध्रुवाकडे वळण अधिक तीव्र असेल आणि अंतर घटत जाईल. म्हणून निरनिराळ्या ठिकाणी एका अंशाची लांबी मोजावी, आणि ती उत्तरेकडे वाढते की घटते ते पाहावे, एवढेच करावयाचे होते.

ऐकावयास हे सोपे वाटते. परंतु त्यातील अडचण फरकाच्या लहानपणात होती. आजच्या गणिताप्रमाणे कन्याकुमारीजवळ एक अंश म्हणजे सुमारे ११०.६० किलोमीटर आणि बिदरजवळ सुमारे ११०.६८ किलोमीटर होतात. म्हणजे ११० किलोमीटरांच्या लांबीत शोधावयाचा फरक शंभर मीटरही नाही! कोणत्याही मोजणीत एवढी चूक सहज होऊ शकते. चूक फरकाहून मोठी झाली, तर संत्र्याचे अंडे व्हावयास वेळ लागणार नाही.

म्हणून लँबटनने यंत्रे निवडताना फार काळजी घेतली. कलकत्त्यास एका शास्त्रज्ञाजवळ शंभर फूट लांबीची उत्तम पोलादी साखळी होती. ती मुळात चीनच्या बादशहास नजर करण्यासाठी नेलेली होती. परंतु त्याने ती स्वीकारली नाही. ती साखळी लँबटनने मिळविली. कोन मोजण्यासाठी थिओडोलाइट नावाचे दुर्बीण बसविलेले मोठे यंत्र लंडनमध्ये तयार करविले. त्याचे वजन सुमारे ५०० किलो होते. त्या काळी इंग्रज व फ्रेंच यांचे युद्ध चालू होते. यंत्र घेऊन येणारे जहाज फ्रेंचांनी पकडले व ते मॉरिशस बेटाकडे नेले. परंतु हे यंत्र शास्त्राच्या कामासाठी आहे असे कळताच तेथील फ्रेंच गव्हर्नरने ते आदराने मद्रासेस पाठवून दिले.

१८०२ सालच्या एप्रिल व मे महिन्यांत मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजण्यात आली. तिची लांबी सुमारे १२ किलोमीटर होती. साखळी लाकडी पेट्यांत ठेवून, त्या पेट्या तिवयांवर समपातळीत बसवून, एकेक साखळीचे माप घेत हे काम चारशे वेळा करावे लागले. पोलाद उन्हाने तापले की वाढते. उष्णता १० अंश सेल्सिअसने चढली, तर शंभर फुटांची साखळी सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब होते, आणि चारशे साखळ्यांत ही चूक जवळजवळ दीड मीटर भरते. म्हणून साखळीजवळ उष्णतामापके ठेवून प्रत्येक मापाच्या वेळी उष्णता टिपली जाई व नंतर हिशेबात ती चूक काढून टाकली जाई.

आधाररेषा एकदा हाती आली की पुढचे काम त्रिकोणांनी होते. त्रिकोणाची एक बाजू व तिच्या दोन टोकांचे कोन माहीत असले म्हणजे उरलेल्या दोन बाजू गणिताने काढता येतात. त्यांतील एक बाजू घेऊन तिच्यावर दुसरा त्रिकोण रचावयाचा, त्याच्यावर तिसरा. असे करीत टेकडीवरून टेकडीवर जावयाचे. मद्रासपासून मंगळूरपर्यंत त्रिकोणांची अशी मालिका पोचली, तेव्हा जुन्या नकाशांत सुमारे ४०० मैल रुंद दाखविलेला देश प्रत्यक्षात ३६० मैलच रुंद असल्याचे दिसून आले. त्यानंतर लँबटनने आपल्या मुख्य कामास हात घातला. बंगळूरजवळून कन्याकुमारीकडे आणि पुढे उत्तरेकडे अशी त्रिकोणांची एक लांब माळ त्याने ओवण्यास आरंभ केला.

हे काम एकट्याचे नव्हते. खलाशी म्हणून ओळखले जाणारे मोजणीचे मजूर ते अवजड यंत्र डोंगरमाथ्यांवर चढवीत. निशाणवाले दूरच्या टेकड्यांवर निशाणे घेऊन दिवसचे दिवस उभे राहत. पावसाने धुळीचा पडदा खाली बसला म्हणजे दूरचे स्पष्ट दिसे. म्हणून पुष्कळदा पावसाळ्यातच काम करावे लागे आणि त्याच दिवसांत अरण्यांतून हिवताप पसरे. कित्येकांचे प्राण त्यात गेले. त्यांची नावे पुस्तकांत आली नाहीत. परंतु त्यांच्यावाचून एक त्रिकोणही पुरा झाला नसता. गावोगावच्या लोकांना या परक्या माणसांचा संशय येई. दुर्बिणीतून हे घरांत डोकावतात असे त्यांना वाटे. आपला देश बळकावणाऱ्यांविषयी असा अविश्वास वाटणे साहजिकच होते.

या कामात लँबटनवर दोन मोठे प्रसंग आले. पहिला प्रसंग विचित्र होता. एके ठिकाणी हिशेब पुरा झाला तेव्हा असे दिसले की, उत्तरेकडे जाताना अंशाची लांबी वाढण्याऐवजी घटते आहे. हे खरे मानले तर पृथ्वी अंड्यासारखी ठरत होती, आणि न्यूटनपासून झालेले सारे काम खोटे पडत होते! एखाद्या उतावीळ माणसाने आकडे दडपले असते किंवा नवा सिद्धान्त म्हणून डांगोरा पिटला असता. लँबटनने या दोन्हींपैकी काही केले नाही. त्याने आकडे जसे होते तसे प्रसिद्ध केले आणि चुकीचे मूळ शोधण्यास तो लागला. अखेर त्याचा संशय बंगळूरजवळच्या एका ठाण्यावर गेला. ताऱ्यांचे कोन मोजताना ओळंब्याच्या दोरीवरून सरळ खालची दिशा ठरवीत असत. परंतु जमिनीखाली एका बाजूस जड खडक असला, तर तो ओळंब्यास आपल्याकडे किंचित ओढतो. कोनात एका विकलेचा, म्हणजे अंशाच्या ३,६०० व्या भागाचा फरक पडला, तरी जमिनीवर तो सुमारे ३१ मीटरांचा होतो. तीन विकलांची चूक झाली की शोधावयाचा सारा फरक पुसला जातो. यावर उपाय एकच होता; अधिक ठिकाणी तारे पाहावे आणि रेषा आणखी लांब करावी. लँबटनने तो स्वीकारला.

दुसरा प्रसंग १८०८ साली तंजावर येथे घडला. तेथे त्या वेळी भोसले घराण्यातील सरफोजी राजे राज्य करीत होते. आसपास टेकड्या नसल्यामुळे थिओडोलाइट बृहदीश्वराच्या मंदिरावर चढविण्याचे ठरले. यंत्र दोरांनी वर ओढले जात असता एक दोर तुटला आणि ते भिंतीवर जोराने आदळले. ज्या चक्रावर कोनांच्या बारीक खुणा कोरलेल्या होत्या, तेच चक्र वाकडे झाले. दुसरे यंत्र इंग्लंडहून येण्यास कितीतरी महिने लागले असते. आजूबाजूच्या सर्वांना वाटले की आता काम बुडाले. लँबटनने कोणासही दोष दिला नाही. तो यंत्र घेऊन आपल्या तंबूत गेला. तेथे त्याने यंत्राचा एकेक भाग सुटा केला आणि पाचरी, स्क्रू व चाके यांच्या साहाय्याने ते चक्र केसाकेसाने ओढून पूर्ववत गोल केले. या कामी त्याला सहा आठवडे लागले. त्यानंतर तेच यंत्र पुन्हा टेकड्यांवर चढू लागले.

१८१५ साली त्रिकोणांची माळ बिदरजवळच्या दामरगिड्डा या ठिकाणी पोचली. कन्याकुमारीपासून तेथवर सुमारे दहा अंश मोजून झाले होते. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ इतकी लांब रेषा त्यापूर्वी कोणी मोजली नव्हती. लांब रेषेत ओळंब्याच्या लहान चुका बुडून गेल्या आणि खरे चित्र स्पष्ट झाले. अंशाची लांबी उत्तरेकडे वाढतच जात होती. पृथ्वी संत्र्याच्याच जातीची होती; परंतु तिचा चपटेपणा अवघा तीनशेवा हिस्सा होता, म्हणजे तो डोळ्यांस दिसावयाचा नाही. आकार संत्र्याच्या जातीचा, पण रूप मोसंब्यासारखे, असा हा निकाल लागला. लँबटनने १८१८ साली आपले निष्कर्ष लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्या संस्थेने आदल्याच वर्षी त्याला सभासद करून घेतले होते. १८१८ सालीच मोजणीच्या या खात्यास भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण असे नाव मिळाले आणि जॉर्ज एव्हरेस्ट हा तरुण त्याचा मुख्य साहाय्यक म्हणून नेमला गेला.

आता लँबटन सत्तरीकडे झुकला होता. वीस वर्षांच्या उन्हापावसाने आणि तापाने त्याचे शरीर खंगले होते. कफक्षयाने त्याला ग्रासले होते. तरीही त्याने काम सोडले नाही. हैदराबादच्या निजामाच्या राज्यातून मोजणी वऱ्हाडात शिरली. जालन्याचा मुलूखही त्या वेळी याच राज्यात होता. १८२२ साली अचलपूरजवळ नवी आधाररेषा मोजण्यात आली. खात्याचे ठाणे हैदराबादहून नागपुरास हलवावयाचे होते. त्या प्रवासात असतानाच, जानेवारी १८२३ मध्ये, हिंगणघाटच्या मुक्कामी लँबटनचे देहावसान झाले. तोपर्यंत त्याच्या देखरेखीखाली सुमारे १,६५,००० चौरस मैल प्रदेशाची मोजणी झाली होती. त्याची रेषा मात्र अपुरी राहिली होती.

ती एव्हरेस्टने पुढे चालविली आणि १८४१ साली हिमालयाच्या पायथ्याजवळ पोचवून पुरी केली. कन्याकुमारीपासून तिची लांबी सुमारे २,४०० किलोमीटर भरली. या मोजणीतून पृथ्वीच्या आकाराचे जे मान निघाले, त्यावरच भारताचे नकाशे पुढे शंभरांहून अधिक वर्षे आखले गेले. हिमालयाची शिखरे मोजली गेली तीही याच पायावर. १८५२ साली राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञांनी केलेल्या हिशेबातून जगातील सर्वांत उंच शिखर कोणते ते कळले. त्या शिखरास एव्हरेस्टचे नाव मिळाले. लँबटनचे नाव मात्र फार थोड्यांच्या ओठांवर आले.

आज पृथ्वीभोवती फिरणारे कृत्रिम उपग्रह तिचे माप घेतात. त्यांच्या मोजणीनुसार विषुववृत्तावर पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७५६ किलोमीटर आहे आणि ध्रुवापासून ध्रुवापर्यंत सुमारे १२,७१४ किलोमीटर. दोहोंत अंतर आहे ते सुमारे ४३ किलोमीटरांचे. म्हणजे पृथ्वीचा चपटेपणा व्यासाच्या २९८ व्या भागाइतका आहे. मोबाइलवर जो नकाशा आपले ठिकाण दाखवितो, त्याच्या मुळाशीही या दबलेल्या गोलाचेच गणित आहे. पृथ्वी पुरी गोल मानली, तर तो नकाशा काही ठिकाणी किलोमीटरांच्या हिशेबाने चुकेल.

डोळ्यांना न दिसणारा हा फरक लँबटनने एक पोलादी साखळी, एक मोडून पुन्हा जोडलेले यंत्र आणि शेकडो माणसांचे श्रम यांच्या बळावर शोधला. आपल्या हातून होणाऱ्या लहानात लहान चुकीचाही माग घेतल्यावाचून तो पुढे गेला नाही, म्हणूनच त्याला हे साधले. राज्ये आली आणि गेली. ज्या सत्तेसाठी ते नकाशे काढले गेले, तीही १९४७ साली या देशातून गेली. पण पृथ्वीविषयी मिळालेले ते ज्ञान सर्वांचे झाले आणि सर्वांचेच राहिले.